बगळा छाप

श्रीकर भर दुपारी दुकानात आला, म्हणाला,
"मामा, तुमची बगळा कंपनी विकली गेली."
मी एका मोबाइलची स्क्रीन उचकटत होतो,
गोंद अजून सैल व्हायचा होता.
बाहेर त्रेचाळीस डिग्री,
कन्ना चौकातलं डांबर चपला धरून ठेवत होतं.
"कुणी घेतली?"
"ते काळा डबा बनवतात ना, त्यांनी."

बगळा छाप.
चौऱ्याण्णव साली साखर पेठेत
दोन टीव्ही, चार रिमोट, एक बाकडं,
रुपयाला दहा मिनिटं.
कॅसेट लागली की आधी तो लाल बगळा
एका पायावर उभा राहायचा
आणि पाळी सुटून आलेली पोरं,
भुवयांवर सुताचा भुसा,
एकदम गप्प.
कॅसेट अडली तर फुंकर.
दुरुस्ती म्हणजे तेवढीच यायची मला तेव्हा.

श्रीकर पुण्यात गेम तपासायच्या नोकरीत आहे.
"बरंच झालं," म्हणाला. "कर्जात बुडाले होते.
आता दिवाळीच्या आत काढाच म्हणून
मानगुटीवर कुणी बसणार नाही.
तिसरा भाग अर्धा पडलाय, तो पुरा होईल.
जुने सगळे गेम एका वर्गणीत, केबलसारखे."
"आणि माणसं?"
"राहतील की."
मग पाण्याची बाटली तोंडाला लावून,
"बहुतेक."

मला मल्लेशम आठवला.
जकार्डचे पत्ते पाडायचा तो.
पुठ्ठ्याला भोकं, भोकांत मोर,
माग चालला की मोर चादरीवर उतरायचा.
यंत्र दुसऱ्याचं, आतला जीव ह्याचा.
पत्ते उंदीर खायचे, पावसाळ्यात फुगायचे.
एका वर्षी चिप्पा शेठनं सगळंच उचललं,
पत्ते, पंच, मल्लेशमसकट.
पेठ म्हणाली, गेला हा.

गेला नाही.
जन्मात पहिल्यांदा एक तारखेला पगार.
डोळ्याचं ऑपरेशन शेठच्या खर्चानं.
पत्ते लोखंडी कपाटात, डांबरगोळ्या घालून.
आणि वीस वर्षं ज्याला कुणी माग दिला नव्हता
तो मोर अक्कलकोट रोडच्या नव्या कारखान्यात
एका दिवसात शंभर चादरींवर नाचला.
त्यातली एक मी अजून पांघरतो.

एवढंच, की
मल्लेशम प्रत्येक मोराच्या उजव्या पायाशी
एक भोक मुद्दाम चुकवायचा.
का, ते त्यानं बायकोलाही सांगितलं नाही.
नव्या मशीनवर चढवताना
कुणा हुशार पोरानं ते दुरुस्त केलं.
मोर आता दोन्ही पायांवर नीट उभा आहे.

आमच्या त्या गेममध्येही सातव्या पुलाजवळ
भिंतीला पाठ लावून तीनदा उडी मारली
की गडी भिंतीतच शिरायचा.
आत नुसता निळा रंग.
शत्रू नाही, गुण नाहीत, घड्याळ थांबलेलं.
बगळावाल्यांची चूकच असणार ती.
बालम्माचा नरसू आख्खा रुपया
तिथं उभा राहून घालवायचा.
"खेळ की रे."
"थांब अन्ना. इथं मागाचा आवाज येत नाही."
येत होता तसा.
पलीकडे आठ माग होते, मधे पत्रा.

श्रीकरला म्हटलं, तिकडं ओळखीचं कुणी असलं
तर सांग त्यांना,
कर्ज फेडा, कपाटं आणा,
तिसरा भाग करा, सावकाश करा,
पण सातव्या पुलापाशी
हुशार पोरगं बसवू नका.

तो हसला. ओळखीचं कुणी नाही म्हणाला.
माझी स्क्रीन तोवर निघाली होती,
खाली हिरवी पाटी, बारीक बारीक भोकं.
बराच वेळ बघत बसलो.

"ती वर्गणी," मी विचारलं,
"महिन्याला किती म्हणालास?"